मे महिन्यातली मॅरेथॉन: मनाचा खेळ म्हणे!

डोंगरवाट: कालच्या धाग्यावर एकाने लिहिलंय, "उन्हाळ्यातली फुल, म्हणजे ४२ किलोमीटरची मॅरेथॉन, हा निव्वळ मनाचा खेळ. पाणी पीत राहा, पळत राहा." डोकं फिरलं, म्हणून लिहितोय. मे महिन्यात मुंबईत पहाटे पाचलाही घाम नुसता निथळतो, वाळत नाही. घाम वाळला नाही तर अंग थंड होणार कसं? तिथे मन काय करणार? २०१९ च्या जागतिक स्पर्धेत दोह्यात महिलांची मॅरेथॉन मध्यरात्री ठेवली होती, तरी ६८ पैकी २८ जणींनी वाटेत सोडली. त्या काय मनाने कच्च्या होत्या?

वैदर्भीय: मुंबईकरांनी उन्हावर बोलूच नये. आमच्या नागपुरात पारा ४५ ला टेकतो, तरी पहाटे फुटाळा तलावावर पळणारे असतातच. दोन आठवडे हळूहळू सवय लावावी लागते. एसी जिममधून उठून थेट फुलला उभं राहिलं की भोवळ येणारच.

डोंगरवाट: तुमची हवा कोरडी, घाम वाळतो. आणि फुटाळ्यावरचे सातला घरी असतात. फुलचे शेवटचे दहा किलोमीटर नऊच्या उन्हात, तापल्या डांबरावर पळायचे असतात.

शेवटचा_टप्पा: ऊन राहू द्या, पाण्याचं बोला! पुढचे लोक बाटली फोडतात, दोन घोट घेतात, उरलेली रस्त्यावर फेकतात. एका शर्यतीत तिसाव्या किलोमीटरच्या पुढे टेबलं रिकामी, पायाखाली बाटल्यांचा खच आणि प्यायला थेंब नाही. पोटऱ्यांत गोळे आलेले. फाटकात उभ्या असलेल्या एका आजींनी मीठ लावलेली मोसंबीची फोड हातावर ठेवली, म्हणून मी पोचले. फी आम्हीही तेवढीच भरतो ना?

पेसर_पुणे: पळता पळता अख्खी बाटली कोण पिणार? आयोजकांनी पेले ठेवावेत. आणि ज्यांना साडेपाच तास लागतात त्यांनी मे महिन्यात फुलला नाव घालूच नये.

शेवटचा_टप्पा: मी कट-ऑफच्या, ठरवून दिलेल्या वेळेच्या, आत येते. जरा जपून बोला. रस्ते काय फक्त तुमच्या वेगासाठी बंद करतात?

ओपीडी: भांडा, पण एक ऐका. मी मेडिकल तंबूत ड्युटी केली आहे. ढसाढसा पाणी पिणंही घातक, रक्तातलं सोडियम उतरतं. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये रक्त तपासलेल्या ४८८ धावकांपैकी १३ टक्क्यांचं उतरलेलं होतं. आणि कोणी उष्माघाताने बरळायला लागला, झोकांड्या खायला लागला तर त्याला पाणी पाजत बसू नका. बर्फाच्या पाण्याच्या टबात बसवा. आधी थंड करा, मग रुग्णालयात हलवा. नाव नोंदवण्याआधी विचारा, टब आहे का?

वैदर्भीय: टबाचं मान्य. पण म्हणून शर्यत बंद करा, हे नाही पटत.

डोंगरवाट: बंद करा कोण म्हणालं? तारीख हलवा. ऑलिंपिकची मॅरेथॉन उकाड्यामुळे टोकियोतून सापोरोला नेली. तिथेही २०२१ मध्ये पुरुषांच्या १०६ पैकी ३० जणांनी सोडली. त्यांनी शहर बदललं, आपल्याला महिना बदलता येत नाही?

पेसर_पुणे: डिसेंबर-जानेवारीत मोकळा रविवार दाखवा मला. वसई-विरार, मुंबई, सगळ्या तेव्हाच.

शेवटचा_टप्पा: मग मे महिन्यात दहा किलोमीटरचीच ठेवा, सातच्या आत संपवा. आणि तुमचे ते पेले, त्याला माझी हरकत नाही. मागच्यांनाही पुरतील एवढे ठेवा.