150 वर्षं मिळाली तर कोण नको म्हणेल?

चालताबोलता: मिळणार असतील तर 150 वर्षं जगायला नको म्हणणारा दाखवाच. स्वातंत्र्याच्या वेळी सरासरी आयुर्मान 32 च्या आसपास होतं, आज 70 आहे. वाढलेली वर्षं कुणी परत केली? 'नको' म्हणणारे खोटं बोलतात.

नारायणपेठी: खोटं? माझे वडील 91 वर्षांचे. तिसरा मजला, 54 पायऱ्या, लिफ्ट नाही. फेब्रुवारीत दवाखान्यातून चौघांनी खुर्चीत बसवून वर आणलं, तेव्हापासून खाली उतरलेले नाहीत. सकाळी गॅलरीतून दोरीला पिशवी बांधून सोडतात. भाजीवाली मेथीची जुडी टाकते, दोरी दोनदा हलवते. दिवसभरात बाहेरच्या माणसाशी संबंध तेवढाच. परवा पिशवी वर ओढून धापा टाकत म्हणाले, "पुरे झालं रे आता." आणि सरासरी वाढली ती मुख्यतः लहान मुलं दगावायचं प्रमाण घटलं म्हणून.

चालताबोलता: महर्षी कर्वे 104 वर्षं जगले. भारतरत्न मिळालं ते शंभरीला, 1958 साली.

नारायणपेठी: अण्णा हिंगण्याहून पुण्यात पायी यायचे. आमच्याकडे पलंग ते गॅलरी.

तळमजला: लिफ्टचं निघालंच आहे तर बोलते. आमच्याकडे बाहेरून लिफ्ट बसवताहेत, माझ्या खिडकीपुढेच, आणि वर्गणी सगळ्यांना सारखी. मी त्यात पाय ठेवणार नाही, पैसे का भरू? ईपीएसची, म्हणजे पीएफवाल्या नोकरदारांच्या पेन्शन योजनेची, किमान पेन्शन 2014 पासून 1000 रुपयेच आहे.

नारायणपेठी: हेच वाक्य आमच्या खालच्यांकडून 6 वर्षं ऐकतोय! तुमच्यासारख्यांमुळे माणसं वर कोंडली जातात.

तळमजला: तोंड सांभाळा. गुडघे गेले म्हणून वरचा हवेशीर फ्लॅट विकून अंधारात राहायला आले. तेव्हा लिफ्टसाठी मीही अर्ज केले होते, वरच्यांनीच दाद दिली नाही.

पर्वतीकर: लिफ्ट पुरे करा. चांगदेव 1400 वर्षं जगले म्हणतात, तरी मुक्ताबाईने त्यांना कोरेच म्हटलं. वर्षं मोजून काय होतं?

तळमजला: ज्याला जिना चढावा लागत नाही त्याला हे सुचतं.

नारायणपेठी: हे मात्र खरं बोललात. खिडकीपुढे लिफ्ट आली तर वर्गणी कमी घ्यायला हवी, एवढं मान्य.

चालताबोलता: 'खोटं बोलतात' मागे घेतो. बाकी एक शब्द नाही. लिफ्ट झाली तरी 'पुरे'च म्हणतील का, विचारा वडिलांना.

नारायणपेठी: विचारलं. म्हणाले, "लकडी पुलापर्यंत जाऊन येतो, मग सांगतो."