मदत हवी आहे: ऑनलाइन मतदानात मत गुप्त कसं ठेवायचं? (तातडीचं)

राजारामपुरीकर: रविवारी मतदान आहे आणि काम माझ्या गळ्यात पडलंय. ओटीपी येतोय, मत पडतंय, पण डेटाबेसात मोबाइल नंबर आणि त्याच ओळीत मत. समोरचं पॅनेल बोंब मारतंय, "हा सगळ्यांची मतं बघणार." नंबर काढला तर एकच गडी चारदा मत टाकतोय. लवकर सांगा.

साधा_माणूस: कसली निवडणूक? पतसंस्था असेल तर आधी नियम बघा. सभासद किती?

तिकटीवरचा: ब्लॉकचेन वापर भावा. एकदा नोंदलं की कुणाच्या बापाला बदलता येत नाही.

निवांत: फोनमध्येच व्हायरस असला तर चुकीचं मत कायमचं नोंदलं जाईल की. आणि गुप्ततेचं काय?

जोशीकाका: यादीत नाव नसल्यास फॉर्म 6 भरावा. पत्ता बदलल्यास फॉर्म 8.

राजारामपुरीकर: काका, ती निवडणूक नव्हे! माजी विद्यार्थी मंडळाची आहे. साडेतीनशे सभासद, निम्मे पुण्यात नाहीतर दुबईत.

निवांत: हे आधी सांगायचं. हेलिओस बघ, ऑनलाइन मतदानाचं सॉफ्टवेअर, फुकट आहे. मत ब्राउझरमध्येच कुलूपबंद होतं. मत कुणी दिलं ते दिसतं, कुणाला दिलं ते नाही. कुलूपबंद मतांचीच बेरीज करतात आणि फक्त बेरीज उघडतात. किल्ल्या तिघांकडे दे: दोन पॅनेलचे दोघे, एक तटस्थ.

तिकटीवरचा: आणि हरवली तर? 2025 मध्ये क्रिप्टोग्राफीवाल्यांच्याच, म्हणजे असली कुलपं बनवणाऱ्यांच्याच, आयएसीआर संघटनेत तिघांपैकी एकाची किल्ली गेली. निकाल उघडलाच नाही, परत मतदान!

निवांत: तिन्ही लागत होत्या म्हणून. फेरमतदानाला तिघांतल्या दोन पुरतील असं ठरवलं. बेलेनिओस म्हणून हेलिओससारखंच सॉफ्टवेअर आहे, त्यात ती सोय आहे, ते घे. नाहीतर हरायची चिन्हं दिसली की आपल्याकडं किल्ली मुद्दाम हरवतील.

पंचगंगा_काठ: घरात बसून मत म्हणजे पॅनेलवाला शेजारी बसून टाकून घेणार. इस्टोनियात 2005 पासून नेटवर मत देतात. तिथं मत कितीदाही बदलता येतं, शेवटचं धरतात. म्हणजे रस्सा ह्याचा, मत त्याला.

तिकटीवरचा: रस्सा तांबडा का पांढरा? 😄

साधा_माणूस: मतदानाच्या आदल्या रात्री दोन्ही.

राजारामपुरीकर: जेवणाचं राहू द्या हो. बेलेनिओसला ओटीपी मोबाइलवर येतो का? बऱ्याच जुन्या लोकांकडं ईमेलच नाही.

निवांत: हे आत्ता सांगतोस?