रात्रभराचा दशावतार चित्रित करण्यासाठी मोबाइलच मॉनिटर आणि रेकॉर्डर म्हणून वापरावा का?

सुरंगी

नमस्कार. वेंगुर्ले तालुक्यातल्या आमच्या गावच्या जत्रेत यंदा दशावताराचा प्रयोग गणपतीच्या प्रवेशापासून पहाटेपर्यंत सलग चित्रित करायचा आहे. वर्षानुवर्षे राजाची भूमिका करणारे माझे काका यानंतर रंगभूमीवर उभे राहणार नाहीत, त्यामुळे यातला एकही प्रवेश निसटू नये अशी माझी मनापासूनची इच्छा आहे.

माझ्याकडे कॅनन २००डी मार्क २ आहे. त्याचे रेकॉर्डिंग २९ मिनिटे ५९ सेकंदांनी आपोआप थांबते. गेल्या वर्षी ते ऐन युद्धाच्या प्रसंगात थांबले आणि गर्दीतून कॅमेऱ्याचा छोटा पडदा दिसत नसल्याने मला ते बऱ्याच वेळाने कळले. स्वतंत्र मॉनिटर-रेकॉर्डर मला परवडणार नाही. १२८ जीबीचा अँड्रॉइड मोबाइल आहे. कॅमेऱ्याचे चित्र त्यावर पाहून तिथेच साठवणे कितपत भरवशाचे आहे? की कंपनीचे वाय-फायवरचे अ‍ॅप पुरेल?

आडवाट

वाय-फायच्या अ‍ॅपवर या कामासाठी विसंबू नका. त्यात चित्र उशिरा येते, मध्येच अडखळते, आणि रेकॉर्डिंग कॅमेऱ्याच्या मेमरी कार्डावरच होत असल्याने अर्ध्या तासाची अडचण तशीच राहते. केबलचाच मार्ग धरा: कॅमेऱ्याच्या मिनी एचडीएमआयमधून (चित्र बाहेर देणाऱ्या छोट्या खाचेतून) कॅप्चर कार्डात, म्हणजे ते चित्र यूएसबीवरून मोबाइलला देणाऱ्या छोट्या उपकरणात, आणि तिथून मोबाइलच्या टाइप-सी पोर्टात. मोबाइलमध्ये ओटीजी (बाहेरची यूएसबी उपकरणे जोडता येण्याची सोय) हवे, आणि यूएसबी कॅमेरा ओळखणारे अ‍ॅप हवे.

कार्ड घेताना खोक्यावरच्या मोठ्या '४के' या अक्षरांकडे पाहू नका, यूएसबी २ आहे की ३ ते पाहा. फुल एचडीचे न दाबलेले (डेटा कमी न केलेले) चित्र सेकंदाला ३० फ्रेमने पाठवायचे तर साधारण १००० मेगाबिट लागतात आणि यूएसबी २ ची कमाल क्षमता ४८० आहे. म्हणून स्वस्त कार्डे प्रत्येक फ्रेम जेपीईजीसारखी दाबून पाठवतात. दिवसा हे फारसे जाणवत नाही, पण रात्री काळ्या पार्श्वभूमीवर मुकुटाच्या चमकीभोवती आणि रंगवलेल्या चेहऱ्यावर चौकोनी ठिपके उठतात. दशावतारासाठी यूएसबी ३ चेच कार्ड घ्या, मात्र मोबाइलचे पोर्टही तेवढ्या वेगाचे आहे ना, हे आधी तपासा.

कॅमेऱ्यात एचडीएमआयवर फक्त चित्र जाईल अशी निवड करा, नाहीतर बॅटरीची खूण आणि फोकसचा चौकोन कायमचा चित्रात बसेल. काही कॅमेरे रेकॉर्डिंग चालू नसतानाही अर्ध्या तासाने चित्र देणे थांबवतात, तेव्हा जत्रेपूर्वी घरी दोन तास लावून खात्री करून घ्या.

आयफोन असलेल्यांसाठी एवढेच, की त्याला असे साधे कार्ड चालत नाही. आयपॅडला २०२३ च्या आयपॅडओएस १७ पासून चालते. आयफोनसाठी अ‍ॅक्सूनच्या सीमोसारखे वेगळे उपकरण लागते.

खारवारा

मालवणच्या किनाऱ्यावर मी रापणीचे (किनाऱ्यावरून जाळे ओढून केलेल्या मासेमारीचे) चित्रण याच पद्धतीने करतो. चित्राच्या दर्जापेक्षा विजेने आणि केबलने मला जास्त त्रास दिला आहे. कॅप्चर कार्ड मोबाइलकडूनच वीज घेते, आणि एकुलते पोर्ट त्यात अडकल्याने चार्जिंग बंद पडते. चार्जिंगची सोय असलेला टाइप-सी हब (एका पोर्टाचे अनेक पोर्ट करणारा जोड) मध्ये लावा, त्याला चांगली पॉवर बँक द्या, आणि कॅमेऱ्यातही डमी बॅटरी (बाहेरून वीज घेणारी बॅटरीच्या आकाराची जोडणी) घाला.

मिनी एचडीएमआयचे टोक फार नाजूक असते. जाळे ओढणाऱ्या माणसांतल्या एकाचा नुसता हात लागला आणि माझी केबल अर्धा मिलिमीटर सरकली. चित्र गेले, अ‍ॅप बंद पडले, आणि पाऊण तासाची फाइल पुन्हा उघडलीच नाही. एमपी४ फाइलचे अनुक्रमणिकेसारखे काम करणारे भाग रेकॉर्डिंग नीट थांबवल्यावरच लिहिले जातात, म्हणून मधेच तुटलेली फाइल बहुधा वाचता येत नाही. तेव्हापासून मी केबलचा फेरा तिवईला पट्टीने बांधतो आणि अ‍ॅपमध्ये दर १५ मिनिटांनी नवी फाइल सुरू होईल अशी सोय करतो.

सेकंदाला २० मेगाबिट धरले तर तासाला सुमारे ९ जीबी लागतात, म्हणजे सहा तासांना ५४. तुमच्याकडे तेवढी जागा रिकामी आहे ना, ते पाहा. मोबाइल विमान मोडवर टाका, कारण एका फोननेही रेकॉर्डिंग थांबू शकते. कॅमेऱ्यात सेकंदाला २५ फ्रेम आणि शटरचा वेग १/५० सेकंद ठेवा, म्हणजे मंडपातल्या ट्यूबलाइटची लुकलुक चित्रात येणार नाही.

सुरंगी

दोघांचेही मनापासून आभार. काल यूएसबी ३ चे कार्ड आणि हब आणून पडवीत सव्वादोन तास चालवून पाहिले. चित्र एकदाही थांबले नाही. काकांना समोर बसवून मोबाइलवर त्यांचा चेहरा पाहिला, तर फोकस भुवईऐवजी मागच्या खांबावर असल्याचे लगेच कळले. कॅमेऱ्याच्या पडद्यावर ते मला कधीच दिसले नसते. मोबाइल मात्र बराच तापला, त्याचे कव्हर काढून ठेवीन. पायपेटी आणि पखवाजाचा आवाज कॅमेऱ्याच्या माइकवरून एचडीएमआयने घ्यावा, की वेगळा रेकॉर्डर पेटीजवळ ठेवावा?

आडवाट

वेगळा ठेवा, आणि एचडीएमआयचाही आवाज चालू राहू द्या. सुरुवातीला दोन्हींसमोर एकदा जोराने टाळी वाजवा. नंतर दोन्ही आवाज त्या टाळीवर जुळवता येतात. रात्र लांब असल्याने दोन उपकरणांची घड्याळे हळूहळू थोडी सरकतात, म्हणून प्रत्येक मोठ्या प्रवेशाच्या आधीही एक टाळी घ्या.