लघवीच्या कल्चरमध्ये सगळीकडे ‘आर’. नवीन हाय पॉवर औषध कुठे मिळेल?

भीमाकाठ | ९ ऑक्टोबर २०२५, रात्री ११.४०

मंडळी, इथे कुणी डॉक्टर किंवा लॅबवाले असतील तर कृपा करून वाचा.

अण्णांचं (वडील, वय ७४) प्रोस्टेटचं ऑपरेशन सप्टेंबरात सोलापूरला झालं. ऑपरेशन नीट झालं, पण लघवी पुन्हा अडकली म्हणून नळी परत घातली. तिला आज एकोणीस दिवस झाले. मधे दोन दिवस कणकण होती म्हणून कल्चर केलं (लघवीतले जंतू वाढवून त्यांच्यावर कुठलं औषध चालतं ते बघतात) आणि आज रिपोर्ट आला. जंतू क्लेबसिएला न्यूमोनी, संख्या एक लाखाच्या वर. खाली अठरा औषधांची यादी आणि प्रत्येकापुढे आर, आर, आर, म्हणजे रेझिस्टंट, औषध चालत नाही. फक्त कोलिस्टिनपुढे ‘आय’, म्हणजे इंटरमीजिएट, अधलंमधलं. मी दहावीला दोन विषयांत गेलो होतो तेव्हाही निकाल बघून असे हातपाय गार पडले नव्हते.

राउंडला डॉक्टर म्हणाले, कोलिस्टिनच उरलंय, पण ते किडनीला जड जातं आणि अण्णांचं क्रिएटिनिन (किडनीचं काम मंदावलं की वाढणारा रक्तातला आकडा) आधीच १.८ आहे, उद्या ठरवू.

तेव्हापासून मोबाइलवर शोधतोय. भारताने नाफिथ्रोमायसिन नावाचं नवीन प्रतिजैविक काढलंय, न्यूमोनियावर, दिवसाला एक डोस, तीनच दिवस. आमच्या जंतूच्या नावातच न्यूमोनी आहे, मग हे चालायला पाहिजे ना? दुसरं झिडेबॅक्टम म्हणून काहीतरी आहे, ते कुठल्याच दुकानात नाही. पैशाची तजवीज करतो, त्याची काळजी नाही. यातलं जास्त हाय पॉवर कुठलं आणि मिळेल कुठे, एवढंच सांगा.

पेट्रीताई | १० ऑक्टोबर, सकाळी ६.१५

आधी काहीतरी खाऊन घ्या, मग वाचा.

मी मिरजेला मायक्रोबायॉलॉजीत आहे. डॉक्टर आहे, पण पेशंट बघत नाही, एकोणीस वर्षं जंतू वाढवायच्या प्लेटा बघते. तुमचा क्लेबसिएला माझ्या रोजच्या ओळखीचा. मॅककॉन्की प्लेटवर गुलाबी, बुळबुळीत वसाहती येतात. काही इतक्या चिकट असतात की तारेनं उचलायला गेलं तर भेंडीसारखी तार निघते.

‘न्यूमोनी’ हे नाव पडलं कारण १८८२ साली फ्रीडलेंडरने तो न्यूमोनियाने दगावलेल्या माणसांच्या फुप्फुसांत पाहिला. आडनावावरून गाव ओळखायला जाल तर फसाल. नाफिथ्रोमायसिन हे अझिथ्रोमायसिनच्या घराण्यातलं. घराबाहेर, म्हणजे दवाखान्यात दाखल नसताना, जो न्यूमोनिया होतो त्याच्या जंतूंसाठी ते काढलंय. अझिथ्रोला दाद न देणाऱ्या न्यूमोकॉकसवर (न्यूमोनियाचा नेहमीचा जंतू) चालतं, हे त्याचं कौतुक. लघवीतल्या क्लेबसिएलावर त्याचा उपयोग नाही. तेव्हा तो शोध थांबवा.

आता ‘हाय पॉवर’. हा शब्द मला फार छळतो. पॉवर बल्बला असते. एक मोठं, त्याहून मोठं, त्याहून मोठं अशी औषधांची उतरंड नसते. जंतूनं कुठली युक्ती केलीय आणि कुठलं औषध त्या युक्तीच्या पलीकडचं आहे, एवढंच बघायचं असतं. जंतू स्वतःभोवती भिंत बांधत असतो. मेरोपेनेमसारखी औषधं त्या भिंतीच्या गवंड्यांचे हात बांधतात. तुमच्या जंतूकडे बहुधा असं एन्झाइम आहे जे औषध गवंड्यापर्यंत पोहोचायच्या आधीच कापून टाकतं. आपल्याकडे यात दोन नावं जास्त भेटतात, एनडीएम आणि ऑक्सा-४८, आणि पुष्कळदा दोन्ही एकत्रच. (एनडीएममधला ‘एनडी’ म्हणजे नवी दिल्ली. त्या नावावरून २०१० मध्ये केवढा गदारोळ झाला होता! आम्ही वाद घालत बसलो, जंतू काही थांबला नाही.)

नुसतं ऑक्सा-४८ असेल तर सेफ्टाझिडिम-अविबॅक्टम चालतं. एनडीएम असेल तर अविबॅक्टमचं त्याच्यापुढे काही चालत नाही. गंमत अशी की अझट्रिओनॅम नावाच्या जुन्या औषधाला एनडीएम कापू शकत नाही. त्याला कापतात सोबतची दुसरी एन्झाइमं, आणि त्यांना अविबॅक्टम आवरतं. म्हणून दोन्ही एकत्र देतात. प्लेटवर मी दोन्हींच्या चकत्या (औषध लावलेले कागदाचे गोल तुकडे) शेजारी शेजारी ठेवते. एकेकटी ठेवली तर चकतीला चिकटून जंतू वाढतो. जवळ ठेवल्या की दुसऱ्या दिवशी दोघींच्या मधला पट्टा स्वच्छ, वाढच नाही. एवढ्या वर्षांनीही ते बघून बरं वाटतं. या जोडीचं एकाच कुपीतलं औषध युरोपात २०२४ ला आणि अमेरिकेत फेब्रुवारी २०२५ ला मंजूर झालं. इथे दोन इंजेक्शनं वेगवेगळी आणून एकाच वेळी देतात, त्यासाठी नवीन काही यायची वाट बघावी लागत नाही.

झिडेबॅक्टमबद्दल तुम्ही वाचलंत ते खरं आहे, आणि ते आपल्या छत्रपती संभाजीनगरचं, वोक्हार्टच्या प्रयोगशाळेतलं. सेफेपीम नावाच्या जुन्या औषधासोबत देतात. सेफेपीम एका गवंड्याला धरतं, झिडेबॅक्टम स्वतः दुसऱ्याला. एनडीएम सेफेपीमला कापतं, झिडेबॅक्टमला नाही. दुसरा गवंडी असा अडकून पडला की पहिल्यासाठी उरलंसुरलं सेफेपीमही पुरतं. लघवीच्या गुंतागुंतीच्या संसर्गात ५३० रुग्णांवर चाचणी झाली, यश ८९ टक्के, समोर मेरोपेनेम होतं त्याचं ६८. सप्टेंबरअखेर अमेरिकेत मंजुरीसाठी अर्ज गेलाय. बाजारात येण्याआधी द्यायचं तर रुग्णालयामार्फत, औषध महानियंत्रकांची परवानगी काढून. नातेवाइकांनी दुकानं पालथी घालून उपयोग नाही.

कोलिस्टिनपुढचा ‘आय’ बघून घाबरू नका. २०२० पासून अमेरिकी मानकात कोलिस्टिनला ‘एस’चा (औषध चालतं) खानाच नाही, सगळ्यात चांगला निकालही ‘आय’च. पण ही तपासणी चकतीने केली असेल तर तो ‘आय’ही धरू नका. कोलिस्टिनचा रेणू मोठा, प्लेटमध्ये नीट पसरत नाही.

आता माझे प्रश्न, जे खरं तर आधी विचारायला हवे होते. अण्णांना आज ताप आहे का? आणि लघवीचा नमुना नेमका कुठून घेतला?

भीमाकाठ | १० ऑक्टोबर, सकाळी ८.०५

ताई, फार उपकार. ताप सोमवारपासून नाही. नमुना वॉर्डातल्या मावशींनी खालच्या पिशवीच्या तोटीतून घेतला. बाटली मीच धरली होती.

पेट्रीताई | १० ऑक्टोबर, सकाळी ८.२०

अरे देवा.

पिशवीत लघवी तासन्‌तास साचून राहते, जंतू तिथे मजेत वाढतात. आणि एकोणीस दिवसांच्या नळीच्या आत पाण्याच्या टाकीसारखा बुळबुळीत थर धरतो, तो वेगळाच. तुमच्या हातातला रिपोर्ट पिशवीचा आणि जुन्या नळीचा आहे, अण्णांचा असेलच असं नाही. डॉक्टरांना शांतपणे हेच सांगा की नमुना पिशवीतला होता. जुनी नळी काढायची, नवी घालायची आणि नव्या नळीतून ताजा नमुना घ्यायचा. पाठवताना चिठ्ठीवर ‘नवीन नळी’ असं लिहायला सांगा, आम्हाला इकडे कळत नाही हो. वाढ झालीच तर कार्बापेनेमेज, म्हणजे मेरोपेनेमसारखी औषधं कापणारं ते एन्झाइम, कुठलं आहे तेही बघायला सांगा. थंडी वाजून ताप आला, ग्लानी आली, बीपी उतरलं, तर मात्र रिपोर्टसाठी थांबायचं नाही, डॉक्टर देतील ते औषध लगेच सुरू.

पिंपरीकर_आजोबा | १० ऑक्टोबर, दुपारी ३.३०

पेट्रीताईंनी नेमकं सांगितलंय, त्यात भर घालायची माझी पात्रता नाही. मी १९७१ ते २००८ पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये होतो, फर्मेंटेशनला. पेनिसिलीनच्या टाक्यांना मक्याचा अर्क लागायचा. त्याचा आंबूस वास शर्टाला असा बसायचा की कुठली पाळी करून आलो ते बायको दारातच ओळखायची.

तुमचा प्रश्न आहे नवीन औषध कुठे मिळेल. मला वेगळाच प्रश्न पडतो, ते काढणार कोण? आमच्या वेळी मातीचे नमुने आणायचे, त्यातले जीव वाढवायचे, कोण कोणाला मारतो ते बघायचं. आमच्याकडचे शास्त्रज्ञ थिरुमलाचार यांच्या गटाला असंच हामायसिन मिळालं, बुरशीवरचं. ते बनवणाऱ्या जीवाचं नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. आमच्या गावाचं नाव लॅटिनमध्ये! त्याचा मला अजून अभिमान आहे. मातीचा तो धंदा अजून संपलेला नाही. याच वर्षी कॅनडात हॅमिल्टनच्या एका परसातल्या मातीतून लॅरिओसिडिन नावाचं नवीन प्रतिजैविक सापडलं. तिथल्या लोकांनी त्या मातीतले जीव जवळपास वर्षभर सावकाश वाढू दिले, तेव्हा कुठे ते हाती लागलं. पण ते माणसाला टोचायला अजून पुष्कळ वर्षं आहेत.

आणि औषध निघालं तरी कंपनी तगली पाहिजे ना. अमेरिकेतल्या अकाओजेन कंपनीचं प्लाझोमायसिन हे प्रतिजैविक जून २०१८ ला मंजूर झालं आणि एप्रिल २०१९ ला कंपनीनं दिवाळं काढलं. औषध चांगलं होतं. रक्तदाबाची गोळी माणूस मरेपर्यंत घेतो, हे सात दिवस घेतो. त्यात डॉक्टर म्हणणार, जपून वापरा, कपाटात ठेवा. अशा मालात पैसा कोण घालेल? इंग्लंडनं २०२२ पासून तोड काढली. दोन औषधांना वर्षाची ठरावीक रक्कम द्यायची, कुप्या किती खपल्या ते बघायचंच नाही. त्यातलं एक ताईंनी सांगितलेलं सेफ्टाझिडिम-अविबॅक्टम. दुसरं सेफिडेरोकोल, जपानचं, ते लोहाला धरून बसतं आणि जंतू लोह समजून त्याला आपण होऊन आत घेतो. मला हा प्रकार फार आवडला. आपल्याकडे असं वर्गणीचं कुणी करेल असं वाटत नाही.

अवांतर झालं. अण्णांची काळजी घ्या.

मेडिकलवाला_अकलूज | १० ऑक्टोबर, रात्री ९.५०

आजोबा, कपाटात ठेवायचं म्हणता, पण काउंटरला या एकदा. काल एकजण घसा दुखतो म्हणून अझिथ्रोच्या दोन गोळ्या सुट्ट्या मागत होता. पट्टीवरची लाल रेघ (चिठ्ठीशिवाय देऊ नये अशी खूण) दाखवली तर म्हणतो, रेघ बघायला पैसे देतो का. नाही दिल्या. समोरच्या दुकानातून घेऊन गेला, मला दाखवत. आमचा धंदा वाईट आहे असं सरसकट लिहू नका, एवढंच.

पेट्रीताई | १० ऑक्टोबर, रात्री १०.१०

कुणीच लिहिलेलं नाही दादा. तुम्ही दिल्या नाहीत ते बरं केलंत.

भीमाकाठ | १४ ऑक्टोबर, संध्याकाळी ७.१५

अपडेट. डॉक्टरांना पिशवीचं सांगितलं. चिडतील वाटलं होतं, उलट मावशींना आणि सिस्टरला बोलावून समोरच समजावलं. नळी बदलली, नवीन नमुना गेला. जंतू तोच, पण संख्या दहा हजार. एन्झाइमची तपासणी लागली, एनडीएम आणि ऑक्सा-४८ दोन्ही निघाले. मी अविबॅक्टम आणि अझट्रिओनॅमचं नाव काढणार तेवढ्यात डॉक्टरच म्हणाले, गरज पडली तर ही जोडी देऊ, मागवून ठेवलीय. पण ताप नाही, रक्ताचे रिपोर्ट चांगले, भूक आहे, म्हणून सध्या काहीच सुरू करत नाही. गुरुवारी नळी काढून बघणार.

आईला हे काही पटलेलं नाही. ती म्हणते, औषधच द्यायचं नाही तर वसुबारसेच्या आत घरी का सोडत नाहीत?