अन्नछत्राच्या गच्चीवर आरसे की पॅनल?

(मंचावरची चर्चा. प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

सौरपाक

शिर्डीच्या प्रसादालयाच्या गच्चीवरचे मोठे आरसे बहुतेकांनी निदान फोटोत पाहिले असतील. जुलै 2009 मध्ये ती यंत्रणा सुरू झाली. प्रत्येकी 16 चौरस मीटरच्या 73 शेफलर डिश (ऊन एका जागी एकवटून पाण्याची वाफ करणारे वाटीसारखे आरसे), दिवसाला साडेतीन टन वाफ, खर्च 1 कोटी 33 लाख आणि त्यात केंद्राचं अनुदान 58 लाखांच्या घरात. तिरुमलाला तर 2002 मध्येच 106 डिशची यंत्रणा बसली. हवामानबदलावर ठराव आणि प्रवचनं पुष्कळ झाली. रोज हजारांनी पानं उठतात तिथे चुलीखालचं इंधन बदलणं हे देवस्थानाच्या हातातलं काम आहे, आणि ते विजेच्या सौर पॅनलच्या आधी व्हावं असं माझं ठाम मत आहे.

हिशेब असा. साडेतीन टन वाफ म्हणजे सुमारे 2,500 युनिट (किलोवॉट-तास) उष्णता. आरशांचं क्षेत्र 1,168 चौरस मीटर. तेवढ्या जागेत साधारण 115 किलोवॉटची पॅनल बसतील आणि किलोवॉटला रोज 4 युनिट धरले तर 460 युनिट वीज मिळेल. एका डिशची सावली दुसरीवर पडू नये म्हणून अंतर सोडावं लागतं, म्हणून जागा अडीचपट धरा. तरीही डिश दुपटीहून पुढे राहते.

डिश ताशी 15 अंश फिरून सूर्याच्या मागे राहते. किरण जिथे एकवटतात त्या केंद्राशी असलेल्या रिसीव्हरमध्ये पाणी उकळतं, वाफ वरच्या हेडरमध्ये (जाड आडव्या नळीत) जाते आणि तिच्या जागी पाणी आपोआप खाली येतं. या फिरण्याला पंप लागत नाही. ही वाफ बॉयलरच्याच लाइनला जोडली की ऊन गेल्यावर बॉयलर भार उचलतो. आचाऱ्याला काही वेगळं करावं लागत नाही.

मीटरवाचन

हिशेब बरोबर आहे, पण तो कोरड्या, स्वच्छ दिवसाचा. शेफलर डिशला थेट ऊन लागतं. पातळ ढग किंवा धुरकट हवा आली की किरण विखुरतात आणि केंद्राशी फारसं काही पोचत नाही. पॅनल ढगाळ दिवशीही थोडीफार वीज देतं, डिश देत नाही.

शिर्डीसाठी वर्षाला 1 लाख किलो गॅस वाचेल असा आकडा तेव्हा जाहीर झाला होता. 2,500 युनिट उष्णतेसाठी बॉयलरला साधारण 250 किलो गॅस लागतो. म्हणजे 365 दिवस लख्ख ऊन पडलं तरी 91 हजार किलो होतात. जून ते सप्टेंबरचे ढग वजा करून 250 दिवस धरले तर 62,500.

आणि खरी अडचण देखभालीची. सूर्य उत्तरेकडे-दक्षिणेकडे सरकतो तसा दर काही दिवसांनी डिशचा कल आणि बाक हाताने बदलावा लागतो. तो राहून गेला की प्रकाशाचा ठिपका पसरट होऊन रिसीव्हरच्या बाहेर सांडतो. कुठली घंटा वाजत नाही, नुसती वाफ कमी येते, आणि बॉयलर ती तूट मुकाट्याने भरून काढतो. सहा महिने असं चाललं तरी कोणाला पत्ता लागत नाही! आरशांच्या कडेतून ओल शिरली की मागचा चंदेरी थर काळवंडतो. कंत्राटी माणसं दर वर्षी बदलतात, तिथे हे कोण बघणार?

शिवाय वाफेवर वरण, भात, भाजी होते. पोळ्या, तळण, बुंदी होत नाही. लंगरमध्येसुद्धा रोटी तव्यावरच भाजावी लागणार.

सौरपाक

250 दिवस मान्य. तरी बघा, 62,500 किलो गॅस म्हणजे किलोला 3 किलो कार्बन डायऑक्साइड धरून 187 टन. 115 किलोवॉटची पॅनल वर्षाला 1 लाख 67 हजार युनिट देतील, युनिटला 0.7 किलो धरले तर 117 टन. तुमच्याच आकड्यांनी आरसे पुढे आहेत. ढगांचं आणि रात्रीचं म्हणाल तर आबू रोडला ब्रह्माकुमारींच्या ‘इंडिया वन’ प्रकल्पात 60 चौरस मीटरच्या 770 डिश आहेत आणि प्रत्येकीच्या केंद्राशी बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) गाभ्यात उष्णता साठवून ठेवतात.

मीटरवाचन

आरशांइतकीच जागा पॅनलना देऊन केलेली ही तुलना आहे. डिशमधल्या मोकळ्या जागेसकट, तुम्हीच धरलेली अडीचपट गच्ची पॅनलना द्या, 117 चे 290 टन होतात. पॅनल एकमेकांना लागून बसतात, आणि त्यांची वीज पंपाला, दिव्यांना, पंख्यांना कशालाही चालते. आबू रोडच्या प्रकल्पातून एक मेगावॉट वीजही होते, तो राजस्थानच्या उन्हावर आणि तिथे कायम राहणाऱ्या प्रशिक्षित माणसांवर उभा आहे. तालुक्याच्या देवस्थानाला तो नमुना देऊ नका.

कोठीघर

दोघेही गच्चीवर भांडताय, गळती खाली स्वयंपाकघरात आहे.

जिथे वाफेची भांडी आहेत तिथे आधी स्टीम ट्रॅप तपासा. ट्रॅपचं काम एवढंच की निवालेलं पाणी बाहेर सोडायचं आणि वाफ अडवायची. तो उघडा अडकला की ताजी वाफ सरळ गटारात जाते. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक ट्रॅपवर आणि मूठ कानाला लावून ऐका. चांगला ट्रॅप थांबून थांबून फुसकारतो, बिघडलेला एकसारखा वाहत राहतो. अडकण्याचं कारण बहुतेकदा गाळणीत साठलेला गंज असतो. गाळणी उघडून धुतली तर निम्मं काम होतं.

मग कंडेन्सेट, म्हणजे वाफ निवून झालेलं पाणी. ते 90 अंशांच्या आसपासचं आणि शुद्ध असतं आणि सर्रास ओतून दिलं जातं. बॉयलरमध्ये जाणाऱ्या पाण्याचं तापमान दर 6 अंशांनी वाढलं की इंधन 1 टक्का वाचतं. 30 अंशांचं पाणी 84 वर नेलं तर 9 टक्के, तेही एक टाकी, एक पंप आणि लॅगिंग केलेल्या (उष्णता धरणारं वेष्टन घातलेल्या) पाइपाच्या खर्चात.

जिथे सिलिंडरवर रांधतात तिथे ज्वाला बघा. पातेल्याच्या कडेने ती वर आलेली दिसली तर बर्नर बुडापेक्षा मोठा आहे. डाळ आदल्या रात्री भिजवा, झाकण ठेवा. याला निविदा लागत नाही.

सभामंडपातले पंखेही मोजा. 75 वॉटचे 60 पंखे रोज 15 तास चालतात. ते काढून 30 वॉटचे, कमी वीज खाणाऱ्या बीएलडीसी मोटरचे पंखे लावले तर दिवसाला 40 युनिट वाचतात. तेवढी वीज करायला 10 किलोवॉटची पॅनल लागतील, आणि पंख्यांचा खर्च त्यांच्या निम्म्याहून कमी.

उष्ट्या-खरकट्याच्या बायोगॅसबद्दल मात्र अपेक्षा आटोक्यात ठेवा. 100 किलो ओल्या कचऱ्यातून 8 ते 10 घनमीटर गॅस येतो, म्हणजे 4-5 किलो एलपीजी. लिंबं, तेलकट भाजी एकदम टाकली की टाकी आंबट होते आणि गॅस थांबतो. हारांचे दोरे ढवळणीत गुंडाळले जातात, नारळाची शेंडी आणि करवंटी तर कुजतच नाही. निर्माल्याचं खत करणं सोपं पडतं.

विश्वस्त-कायदा

पॅनल लावायचं ठरलं तर एक गोष्ट सगळे विसरतात. कंपनी स्वतःच्या खर्चाने पॅनल लावते आणि 25 वर्षं वीज विकते, त्या करारात गच्ची भाड्याने दिली जाते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 च्या कलम 36 प्रमाणे इमारत 3 वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाडेपट्ट्याने देण्याआधी धर्मादाय आयुक्तांची मंजुरी लागते. ती नसली तर भाडेपट्टा वैधच नाही. स्वतःच्या पैशाने बसवलं तर हा प्रश्न येत नाही.

मंदिर केंद्रीय संरक्षित स्मारक असेल तर हद्दीपासून 100 मीटरपर्यंत नवं बांधकाम निषिद्ध आहे, पुढच्या 200 मीटरमध्ये परवानगी लागते. आणि दगडी मंदिराच्या छताला भोक पाडायचा विचारही नको. भक्तनिवासाची गच्ची घ्या. तिथेही शिखराची किंवा पाण्याच्या टाकीची सावली हिवाळ्यात कुठवर येते ते आधी आखून घ्या. एका पॅनलवर सावली आली तरी त्या ओळीची वीज घटते. व्हॅटिकनने 2008 मध्ये पॉल सहावे सभागृहाच्या छतावर सुमारे 2,400 पॅनल बसवली, तीही जुन्या काँक्रीटच्या फरश्या बदलायच्याच होत्या तेव्हा त्यांच्या जागी. सेंट पीटर्सच्या घुमटाला हात लावला नाही.

पायीवाट

माझा विरोध सगळ्यांनाच आहे. जाऊन-येऊन 200 किलोमीटर चालणाऱ्या 100 गाड्या लिटरला 15 च्या हिशेबाने 1,333 लिटर पेट्रोल जाळतात. तीन टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड. शिर्डीच्या सगळ्या डिश मिळून उन्हाच्या एका दिवसात पाऊण टन वाचवतात. मोठ्या देवस्थानात 100 गाड्या तासाभरात येतात. आणि आपण डाळीखालच्या गॅसवर बोलतोय!

विश्वस्त-कायदा

भाविकाने कशाने यावं हे विश्वस्त ठरवू शकत नाहीत.

पायीवाट

वाहनतळ कोणाचा असतो? दर विश्वस्तच ठरवतात. स्टेशनपासून बस दर 15 मिनिटांनी सोडा, तिचा खर्च गाड्यांच्या पार्किंगमधून काढा आणि बसने येणाऱ्याची दर्शनाची वेळ आधी नक्की करा. वारीत लाखो माणसं पंढरपूरला पायी जातात. पायी येणाऱ्याला मान द्यायची रीत आपल्याकडे आहेच.

मीटरवाचन

पायीवाट यांचा मुद्दा मोठा आहे, त्याला स्वतंत्र धागा हवा. डिशबद्दल एवढंच की कोणी घेणारच असेल तर निविदेत चार गोष्टी घाला. वाफेचा फ्लोमीटर. थेट उन्हाची नोंद ठेवणारं यंत्र. पाच वर्षांची देखभाल, तिचे पैसे हजेरीवर नाहीत तर मोजलेल्या वाफेवर. आणि 5 टक्के जादा आरसे पहिल्या दिवसापासून कोठीत.

सौरपाक

चारही मान्य, क्रम अजून मान्य नाही. फक्त एक भर घालतो. फ्लोमीटर डिशच्या लाइनवर, बॉयलरची वाफ तिला मिळण्याच्या आधी बसवा. पुढे बसवला तर दोन्हींची बेरीज दिसते आणि आरसे बंद पडले तरी आकडा तोच राहतो.