अनुभव धागा: डीलरकडून घेतलेली जुनी गाडी सदोष निघाली तर पैसे परत कसे मिळवायचे?

या धाग्यावर कामाचं तेवढंच हवं आहे. गाड्या तपासणारे, ग्राहक आयोगात तक्रारी चालवणारे, कर्जाचे आणि आरसीचे कागद हाताळणारे अशांनी आपापल्या कामातलं लिहावं. कायदा भारतातला धरला आहे. डीलर म्हणजे गाडी स्वतः विकत घेऊन पुढे विकणारा. दलाली घेऊन मालकाची गाडी लावून देणारा वेगळा. म्हणून पावतीवर विकणारा म्हणून कोणाचं नाव आहे आणि पैसे कोणाच्या खात्यात गेले, ते लिहिण्याआधी प्रत्येकाने बघून घ्यावं. पुढचं सगळं त्यावर ठरतं.

गॅरेज चालवणारे

इंजिन उघडू देऊ नका. परतावा हातातून जातो तो बहुतेक वेळा इथेच. हेड (इंजिनाचा वरचा भाग) खाली उतरलं की दोष गाडी मिळाली त्या दिवशी होता की मेकॅनिकने केला, हे कोणालाच सांगता येत नाही. न उघडताही बरंच कळतं.

पेट्रोल इंजिनाची कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधल्या दाबाची मोजणी, करून घ्या. तीन सिलिंडर १२ बारच्या आसपास आणि चौथा ८ वर असेल, तर त्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजायचं. आकडा चढला तर पिस्टनच्या रिंगा किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत) गेलेलं आहे. चढला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेडखालचं गॅस्केट. हा फरक तक्रारीत फार महत्त्वाचा आहे. रिंगा झिजायला हजारो किलोमीटर लागतात, त्यामुळे महिन्याभरात हा दोष दिसला तर तो बहुधा आधीचाच असतो. गॅस्केट मात्र एकदा इंजिन तापलं तरी जाऊ शकतं आणि डीलर नेमकं तेच म्हणतो: तुम्हीच तापवली. त्यावर उत्तर स्कॅनरमध्ये असतं. फॉल्ट कोडसोबत (गाडीच्या संगणकाने केलेली बिघाडाची नोंद) फ्रीझ फ्रेम साठवलेली असेल तर त्यात बिघाडाच्या क्षणाचं तापमान आणि आरपीएम मिळतं. कोड पुसण्याआधी त्याची प्रिंट काढा.

ऑइल आणि कूलंट बदलायची घाई नको. धूर आणि आवाज दाबायला जाड ऑइल किंवा अॅडिटिव्ह आणि गळती थांबवायला रेडिएटरमध्ये सीलंट टाकून गाडी विकली जाते. दोन्हींचे नमुने स्वच्छ बाटलीत घ्या, सील करा आणि त्यावर तारीख, रनिंग व दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या.

स्कॅनिंग आणि गाडी-तपासणी करणारे

वरच्यात भर. ओबीडी स्कॅनरवर (गाडीच्या संगणकातल्या नोंदी वाचणारं यंत्र) 'कोड पुसल्यापासूनचं अंतर' असा एक आकडा येतो. गाडी मिळाल्यापासून तुम्ही १२० किलोमीटर चालवली आणि हा आकडा १३५ दाखवतोय, तर डिलिव्हरीच्या तोंडावर कोणीतरी कोड पुसले आहेत. बॅटरी काढल्यानेही काही गाड्यांत हा आकडा शून्य होतो, त्यामुळे एकट्या त्यावर विसंबू नका. तोच कोड थोड्याच रनिंगमध्ये परत आला, तर मात्र दोन्ही मिळून पक्की साखळी तयार होते.

मीटर मागे केल्याचा संशय असेल तर डॅशबोर्डवरचा आकडा हा एकच साक्षीदार नाही. अनेक गाड्यांत इंजिनचा ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक), एबीएस ब्रेक, गिअरबॉक्स किंवा एअरबॅगचं मॉड्यूल आपापली नोंद ठेवतं. ईसीयूतले इंजिन-तासही बघा. मीटर ३२,००० आणि इंजिन ३,२०० तास म्हणजे सरासरी ताशी १० किलोमीटर. नुसत्या गर्दीच्या रस्त्यांवर चालली असली तरी इतकी कमी सरासरी पटत नाही, खुलासा मागावाच लागेल. अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून चासी नंबरवर सर्व्हिस हिस्टरी मागवा. टायरच्या बाजूवर चार अंक असतात: ३४२१ म्हणजे २०२१ सालचा ३४वा आठवडा. जेमतेम २५,००० चाललेल्या गाडीचे चारही टायर गाडीच्या वयापेक्षा बरेच नवे असतील, तर का बदलावे लागले हा प्रश्न लेखी विचारा.

पाण्यात गेलेली गाडी सीट कव्हर बदलून लपते, पण सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला की गाळाची रेघ दिसते. सीटच्या रुळांचे बोल्ट, कार्पेटखालचा फोम, स्टेपनीची जागा, कनेक्टरमधला हिरवा थर, सगळ्याचे फोटो घ्या. ठोकलेल्या गाडीसाठी पेंटची जाडी मोजायचं यंत्र वापरा. कंपनीचा रंग साधारण ८० ते १५० मायक्रॉन असतो, पुट्टी असेल तिथे आकडा कित्येक शेकड्यांत जातो. एखादा दरवाजा रंगवलेला असणं हे परताव्याचं कारण नाही. एप्रन (बॉनेटखालचा सांगाड्याचा पत्रा) किंवा पिलर (छताचा खांब) कापून जोडलेला असेल आणि 'अपघात नाही' असं सांगितलं असेल, तर ते भक्कम कारण आहे.

ग्राहक आयोगात तक्रारी चालवणारे

तपासणीवाल्यांचं शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. जुन्या गाडीत झीज असतेच, त्यामुळे 'गाडी खराब आहे' एवढ्यावर पैसे परत मिळत नाहीत. दोष डिलिव्हरीच्या दिवशी होता, आणि डीलरने तो लपवला किंवा उलट सांगितलं, या दोन गोष्टी जोडाव्या लागतात. म्हणून जाहिरातीचा स्क्रीनशॉट, व्हॉट्सअॅपवरची बोलणी आणि तपासणीची चेकलिस्ट यांचं वजन इंजिनाच्या रिपोर्टइतकंच आहे. मोबाइलमधला मजकूर पुरावा म्हणून देताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३च्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडा आणि मूळ फोन जपून ठेवा.

'जशी आहे तशी घेतली' या ओळीवर सही केली म्हणून हातपाय गाळू नका. ती ओळ दिसणाऱ्या आणि सांगितलेल्या दोषांपुरती चालते. जाणूनबुजून लपवलेलं असेल तर करार अधिनियम, १८७२च्या कलम १७ प्रमाणे ते कपट ठरतं आणि कलम १९ प्रमाणे करार रद्द करण्याचा पर्याय तुमच्या हातात येतो.

उशीर मात्र महागात पडतो. मालविक्री अधिनियम, १९३० सांगतो की वाजवी मुदत उलटूनही नाकारल्याचं न कळवता माल ठेवून घेतला, तर तो स्वीकारला असं धरलं जातं. मग हाती फक्त नुकसानभरपाई उरते. म्हणून दोष कळताच लेखी कळवा: गाडी कधी घेतली, काय सांगितलं होतं, काय निघालं, कोणत्या रिपोर्टवरून, आणि 'मी ही गाडी नाकारत आहे, पूर्ण रक्कम १५ दिवसांत परत करा'. शेवटचं वाक्य इतकंच स्पष्ट हवं. 'काहीतरी मार्ग काढा' असं लिहिलेलं पत्र नकार ठरत नाही. स्पीड पोस्टने पाठवा, ईमेलही करा. त्याच कायद्याच्या कलम ४३ प्रमाणे नाकारलेला माल स्वतः नेऊन पोहोचवणं तुमच्यावर बंधनकारक नाही, नकार कळवणं पुरेसं आहे. पोच न घेता गाडी डीलरच्या दारात सोडून येऊ नका, पुरावाच त्याच्या ताब्यात जातो.

पत्रानंतर गाडी फक्त तपासणीपुरती हलवा. पुढे पाच हजार किलोमीटर चालवलेल्या गाडीचे पूर्ण पैसे मागणं अवघड होतं.

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. कित्येक डीलर इथेच बोलायला तयार होतात, पण ती तडजोडीची पायरी आहे, आदेश देणारी नाही. आदेश हवा तर जिल्हा आयोग. दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार तिथेच, आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही करता येते. किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४०० रुपये. मुदत दोन वर्षांची. वकील सक्तीचा नाही. ई-जागृती पोर्टलवरूनही दाखल होते.

सगळ्यात जास्त तक्रारी तज्ज्ञाच्या अहवालाअभावी ढासळतात. गॅरेजचं एस्टिमेट म्हणजे अहवाल नव्हे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९च्या कलम ३८(२)(सी) खाली आयोगाकडे गाडीची तपासणी मागणारा अर्ज सुरुवातीलाच द्या. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय किंवा मोटार वाहन निरीक्षक सुचवता येतात. खर्च आधी तुम्हाला भरावा लागतो. मागणीत किमतीसोबत ट्रान्सफरचा खर्च, विमा हप्ता, कर्जाचं व्याज, टोइंग आणि तपासणी शुल्क पावत्यांसह लिहा. जे मागितलंच नाही त्यावर नंतर भांडता येत नाही.

आरटीओची कामं करणारे

१ एप्रिल २०२३ पासून केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुन्या गाड्यांच्या डीलरसाठी ५५ए पासून पुढचे नियम लागू आहेत. डीलरकडे नोंदणी प्राधिकरणाचं अधिकारपत्र हवं. आधीच्या मालकाने गाडी डीलरच्या ताब्यात दिल्याची सूचना फॉर्म २९सी मध्ये पोर्टलवर जाते. शिवाय डीलरने गाडी कुठे, कशासाठी, किती चालवली याची इलेक्ट्रॉनिक नोंदवही ठेवायची असते. मीटरचा वाद असेल तर ही नोंदवही हजर करायला सांगा, असा अर्ज आयोगात करा. अधिकारपत्रच नसेल तर तीही गोष्ट तक्रारीत घाला.

वाहन कर्ज विभागात काम करणारे

डीलरशी वाद आहे म्हणून हप्ता थांबवू नका. बँकेचा करार वेगळा आहे, आणि थकबाकी नोंदली गेली की नुकसान तुमचंच. परतावा ठरला तर बँकेकडून फोरक्लोजर पत्र (कर्ज मुदतीआधी फेडायला लागणारी रक्कम सांगणारं) मागवा. त्यातली रक्कम डीलरने थेट कर्जखात्यात भरावी, उरलेली तुमच्या खात्यात, आणि फोरक्लोजर शुल्क डीलरच्या माथी. मग बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र) आणि फॉर्म ३५ (बोजा उतरवण्याचा) घेऊन आरसीवरचा बोजा उतरवा. बोजा असताना गाडी पुन्हा डीलरच्या नावावर होणार नाही.

पुन्हा आयोगवाले

डीलर आधी दुरुस्ती देऊ करतो, मग बदली गाडी, मग कमी किमतीत परत घ्यायची तयारी. दुरुस्ती मान्य केलीच तर 'परताव्याचा हक्क राखून' असं लिहून द्या, जॉबकार्डवर दोष आणि तारीख घालून घ्या, जुने पार्ट मागून घ्या. 'पूर्ण व अंतिम' असं लिहिलेल्या कागदावर रक्कम खात्यात दिसल्याशिवाय सही नाही. चेक दिला आणि तो परत आला, तर बँकेने कळवल्यापासून ३० दिवसांत निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ची (चेक न वटल्याची) नोटीस जायला हवी.

गाडी परत देताना मीटरचा फोटो, चाव्या, वेळ आणि तारीख टाकलेली पोच घ्या. त्याच दिवशी नाव बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करा, विमा कंपनीला कळवा, फास्टॅग बंद करा. आरसीवर तुमचं नाव आहे तोवर त्या गाडीने अपघात केला तर नोंदणीकृत मालक म्हणून दावा तुमच्यावर येतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार खटल्यात हेच स्पष्ट केलं आहे. परिवहन पोर्टलवर नवं नाव चढेपर्यंत दर आठवड्याला बघत राहा.