चर्चा: दूरदर्शनवरची मॅच आजच्या प्रक्षेपणापेक्षा जास्त कळायची

लाँगऑन

वाद ओढवून घेतोय, पण मांडतोच. आज मैदानावर तीस-चाळीस कॅमेरे असतात, तरी घरी बसलेल्या माणसाला फील्डिंग कशी लावली आहे हे कळत नाही. दूरदर्शनच्या काळात कॅमेरे मोजकेच होते. दिग्दर्शकाकडे दाखवायला फारसं काही नसे, म्हणून तो दोन चेंडूंच्या मध्ये मैदान दाखवायचा. कर्णधार स्लिपमधला एक काढून शॉर्ट लेगला आणतोय, थर्डमॅन वर आलाय, हे समालोचकाने न सांगताही समजायचं.

आता चेंडू पडला की क्रम ठरलेला: रिप्ले, फलंदाजाचा चेहरा, डगआऊट, प्रेक्षकांतलं एखादं पोर, मग आकड्यांची पट्टी. तेवढ्यात गोलंदाज पळायला लागतो. आपल्या नागपूरच्या जामठा मैदानावर फेब्रुवारी 2023 मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध कसोटी झाली. भारत एक डाव 132 धावांनी जिंकला, तिसऱ्याच दिवशी खेळ खलास. पहिल्या डावात जडेजाने 47 धावांत 5 घेतले. मॅचच्या आधीपासून चर्चा एकच, खेळपट्टीच्या कुठल्या भागावर पाणी मारलं आणि कुठला कोरडा ठेवला. पण जडेजा कुठल्या क्षेत्ररचनेला टाकत होता, कॅच घ्यायला किती माणसं आणि धावा अडवायला किती, हे पडद्यावर नीट बघायला मिळालं का?

मालिकांचंही तेच. ‘रामायण’ 25 जानेवारी 1987 ला सुरू झालं आणि 31 जुलै 1988 ला संपलं. दीड वर्षात 78 भाग. आयपीएल दोन-सव्वादोन महिन्यांत 74 मॅचेस उरकते. मधे बघणाऱ्याला विचार करायला उसंत मिळत होती, ती दोन्हीकडून गेली. माझं मत असं की बघण्याची समज तेव्हा जास्त तयार व्हायची.

धरमपेठी

आठवण गोड आहे, पण मुद्दा टिकत नाही. दूरदर्शनचा मुख्य कॅमेरा बरेचदा एकाच टोकाला असायचा. म्हणजे एक ओव्हर गोलंदाजाच्या पाठीमागून आणि पुढची फलंदाजाच्या पाठीमागून. त्या दुसऱ्या ओव्हरमध्ये चेंडू कुठे पडला आणि पॅडला कुठे लागला हे विकेटकीपरच्या पाठीआडून ओळखायचं. पायचीत दिलं तर पंचावर विश्वास ठेवण्यापलीकडे इलाज नसे. ऑस्ट्रेलियात केरी पॅकर या उद्योगपतीच्या चॅनेलने 1977 सालीच दोन्ही टोकांना कॅमेरे लावले होते. म्हणजे तंत्र उपलब्ध होतं, आपल्याकडे वेळेवर आलं नाही.

धावचीतचा रिप्ले पंचाला बघता यायला नोव्हेंबर 1992 उजाडला, डर्बनच्या कसोटीत, आणि पहिला बळी आपलाच तेंडुलकर. त्याआधी स्क्वेअर लेगच्या पंचाची नजर हाच न्याय. आणि ‘रुकावट के लिए खेद है’ ची पाटी विसरलात वाटतं? ती पाटी लागायची आणि उठेपर्यंत विकेट पडलेली असायची. फील्डिंग दिसत होती म्हणता, अहो, मॅचच दिसत नव्हती!

पाल-बी

दोघेही एका गोष्टीवर घसरताय. जुनी मॅच कशी दिसायची याचा अंदाज आज इंटरनेटवरच्या क्लिपांवरून बांधला जातो, आणि त्या क्लिपा मुळात बिघडलेल्या आहेत.

आपलं जुनं प्रक्षेपण पाल पद्धतीचं. चित्राच्या 576 रेषा, सेकंदाला 50 अर्धी चित्रं, म्हणजे एकदा विषम रेषा आणि एकदा सम. ताशी 140 किमीचा चेंडू सेकंदाला साधारण 39 मीटर जातो. 50 अर्ध्या चित्रांत तो दर वेळी 78 सेंटिमीटर पुढे दिसतो. क्लिप तयार करणारा दोन अर्धी चित्रं चिकटवून सेकंदाला 25 करतो, मग चेंडू एकदम दीड मीटर उडी मारतो आणि कडांना कंगव्यासारखे दाते येतात. लोक म्हणतात, ‘तेव्हा चेंडू दिसायचाच नाही.’ दिसायचा. त्या काळच्या काचेच्या नळीच्या टीव्हीवर हालचाल आजच्या कित्येक मोबाईल स्ट्रीमपेक्षा सलग होती, कारण नेट हळू पडलं की काही स्ट्रीम सेकंदाला 25 वर उतरतात.

दुसरा घोळ आकाराचा. मूळ चित्र 4:3. ते 16:9 पडद्यावर ताणलं की गावसकर आणखी बुटका आणि चेंडू अंड्यासारखा. ताणण्याऐवजी कापलं तर वरून-खालून मिळून चित्राचा बरोबर चौथा हिस्सा जातो. क्रिकेटमध्ये वरचा भाग म्हणजे सीमारेषेवरचे क्षेत्ररक्षक. म्हणजे लाँगऑन ज्या गोष्टीचं कौतुक करतायत नेमकी तीच कापली जाते. जुन्या मालिकांत फेटे-मुकुट छाटले जातात तेही यामुळेच.

हाताशी चांगली फाईल असेल तर व्हीएलसी प्लेअरमध्ये व्हिडिओ मेनूतून डीइंटरलेस (चिकटवलेली अर्धी चित्रं सुटी करणं) चालू करा, पद्धत ‘याडिफ 2एक्स’ निवडा, म्हणजे 50 ची हालचाल परत मिळते. आस्पेक्ट रेशो 4:3 ठेवा. टीव्हीवर बघत असाल तर मोशन स्मूदिंग बंद करा, कारण ते दोन चित्रांच्या मध्ये तिसरं खोटं चित्र घालतं आणि चेंडूला शेपूट फुटते. क्लिप आधीच 25 ची करून चढवली असेल तर मात्र काहीही केलं तरी गेलेलं परत येत नाही.

सावजी तर्री

काऊन भाऊ, तुम्ही त् असं सांगून राहिले जसं काही घरोघरी चित्र चकाचक होतं! सेमिनरी हिल्सच्या टॉवरकडे अँटेना करा लागे. मधात उंच बिल्डिंग आली का सिग्नल दोन वाटांनी येई, एक सरळ आन् एक भिंतीवर आपटून. मंग बॅट्समनच्या बाजूले त्याचाच फिकट भाऊ उभा! चपटी वायर वाऱ्यानं हलली का रंग जाय. कावळा बसला का अँटेना फिरे. एक जण गच्चीवर, एक जण खिडकीत, एक जण टीव्हीपाशी, ‘आलं का? गेलं, गेलं!’ बूस्टर लावला त् सिग्नलसंगं खरखरही वाढे, कारण लोक तो खाली टीव्हीजवळ लावत. तो वर अँटेनापाशी पाहिजे, वायरमध्ये सिग्नल मरायच्या आधी. आता हे कोनाले माहीत होतं?

मॅच कळायची म्हणता. अर्ध्या मोहल्ल्याले त् रेडिओवरूनच कळे.

लाँगऑन

धरमपेठी, फलंदाजाच्या पाठीमागच्या त्या ओव्हरला तुम्ही वाया गेलेली समजता. तीच मला महत्त्वाची वाटते. त्या कोनातून गोलंदाज समोरून येताना दिसतो. मनगट कुठे वळलं, शिवण कुठल्या स्लिपकडे आहे, फिरकीपटूने चेंडू तळहातात किती खोल धरलाय, सगळं फलंदाजाला दिसतं तसं. आज हा कोन फक्त एखाद्या हळू रिप्लेत दिसतो, तोही विकेट पडली तरच.

नागपूरचंच उदाहरण घ्या. 31 ऑक्टोबर 1987, सिव्हिल लाइन्सचं विदर्भ क्रिकेट असोसिएशनचं (व्हीसीए) जुनं मैदान, विश्वचषकात न्यूझीलंडविरुद्ध. चेतन शर्माची हॅट्ट्रिक, विश्वचषकातली पहिली: रदरफोर्ड, स्मिथ, चॅटफिल्ड, तिघेही त्रिफळाचीत. न्यूझीलंड 9 बाद 221. गटात पहिलं येऊन उपांत्य सामना मुंबईत खेळायचा तर धावगतीसाठी 42.2 षटकांत जिंकणं भाग होतं. आपण 32.1 षटकांतच 1 बाद 224 केले. श्रीकांत 75, गावसकर 88 चेंडूंत नाबाद 103, त्याचं एकदिवसीय सामन्यांतलं एकमेव शतक. तीन त्रिफळे पाठोपाठ उडाले ते समजून घ्यायला कुठलाही आलेख लागला नाही.

धरमपेठी

तीन त्रिफळे समजायला आलेख लागत नाही हे खरंच. यष्ट्या पडल्या की कोणालाही कळतं. तुम्ही नेमकी सोपी विकेट निवडलीत. त्या तीन चेंडूंच्या जागी पायचीतची अपिलं असती तर? चेंडू कुठे टप्पा पडला, स्टंपच्या रेषेत लागला का, वरून जात होता का, या तिन्हींचं उत्तर 1987 च्या चित्रात नाही. 2001 पासून चेंडूचा मार्ग दाखवायला सुरुवात झाली, तेव्हा कुठे सामान्य माणसाला समजलं की पुढे पाय टाकलेला फलंदाजही बाद असू शकतो. समज वाढवणारी गोष्ट म्हणतात ती ही.

आणि स्पिनरच्या मनगटाचं म्हणाल तर फिरकीला कीपर यष्टीला चिकटून उभा. त्या कोनातून निम्मा वेळ त्याची टोपीच दिसायची.

खापरी शेवटचं स्टेशन

दूरदर्शन विरुद्ध आजचं, अशी विभागणीच चुकीची आहे. फरक कॅमेऱ्यांच्या संख्येचा आणि ओव्हरच्या मधल्या वेळेचा आहे. रणजीचं प्रक्षेपण बघा. 2025 ची अंतिम लढत जामठ्यालाच झाली. विदर्भ 379, केरळ 342, पहिल्या डावातल्या 37 धावांच्या आघाडीवर करंडक आपला. मालेवारच्या 153 आणि करुण नायरबरोबरची त्याची 215 ची भागीदारी मन लावून बघणाऱ्याला लांबचे शॉट्स भरपूर मिळाले. देशांतर्गत सामन्यांना कॅमेरे कमी आणि जाहिरातदारही कमी, म्हणून मैदान जास्त दिसतं. नायर 86 वर धावचीत झाला तेव्हा कॉल कुणाचा आणि थबकलं कोण, हेही नीट दिसलं.

आता वेळेचं गणित. फील्डिंग बदलते ती मुख्यतः दोन ओव्हर्सच्या मध्ये. जाहिरात लागते तीही तेव्हाच. आयसीसीच्या मर्यादित षटकांच्या सामन्यांत आता स्टॉप क्लॉक आहे: ओव्हर संपल्यापासून 60 सेकंदांत पुढची सुरू करायची, दोनदा ताकीद, तिसऱ्यांदा 5 धावांचा दंड. आपल्याकडे जाहिरात 10 सेकंदांच्या हिशेबाने विकली जाते. 60 सेकंदांतून शेवटच्या चेंडूचा रिप्ले वजा केला की चार-पाच जाहिराती बसतात आणि परत यावं तर गोलंदाज निम्म्या वाटेवर. दिग्दर्शकाला अक्कल नाही असं नव्हे, त्याच्या हातात तो मिनिटच नाही. दूरदर्शननेही ओव्हरच्या मध्ये जाहिराती दाखवल्याच की! पहिला चेंडू कापला जाणं तेव्हाचंच.

मालिकावाली

मॅचवाल्यांनी मालिका मधेच सोडून दिली. ‘उसंत मिळायची’ हे कौतुक जरा तपासून घ्या. ‘रामायण’ आधी 52 भागांचं ठरलं होतं, लोकप्रियतेमुळे 78 वर गेलं. वाढवलेलं युद्ध बघताना ते जाणवतं: दोन बाण आकाशात समोरासमोर येतात, थांबतात, मग एक विझतो. त्याला उसंत म्हणायचं तर आजच्या आयपीएलमधल्या स्ट्रॅटेजिक टाइमआऊटलाही म्हणा, अडीच मिनिटांचा असतो.

शिवाय कोणी 28 मार्च 2020 पासूनच्या पुनःप्रक्षेपणाचा दाखला द्यायच्या आधीच सांगते. तेव्हा सगळ्या मालिकांचं शूटिंग बंद होतं, आयपीएल पुढे ढकललेली होती (ती 19 सप्टेंबरला अमिरातीत सुरू झाली), खेळाच्या वाहिन्यांवरही जुन्याच मॅचेस. समोर दुसरं काही नसताना मिळालेले प्रेक्षक हा दर्जाचा पुरावा होत नाही.

सावजी तर्री

ताई बरोबर बोलून राहिल्या.

पण एक प्रश्न सांगा ना कोनी. घरच्या डीटीएचवर डीडी स्पोर्ट्स लावलं का भारताची मॅच नाही, भलतंच काही चालू. शेजारी दूरदर्शनची फुकटातली फ्री डिश, तिच्यावर तेच चॅनेल, तिथं मॅच. हे काय गौडबंगाल हाय?

पाल-बी

गौडबंगाल नाही, कायदा आहे. 2007 च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचा सिग्नल खासगी वाहिनीला प्रसार भारतीला (दूरदर्शन चालवणारी संस्था) द्यावा लागतो, जाहिरातीचं उत्पन्न 75:25, मोठा वाटा हक्कधारकाचा. खासगी वाहिन्यांचं म्हणणं होतं की तोच सिग्नल केबल आणि डीटीएचवरही गेला तर आमची वाहिनी पैसे देऊन कोण बघेल. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला: वाटून घेतलेला सिग्नल फक्त दूरदर्शनच्या जमिनीवरच्या प्रक्षेपणावर आणि फ्री डिशवर. म्हणून तुमच्या डीटीएचवर त्या वेळी दुसरा कार्यक्रम लागतो. आयपीएल आणि रणजी या यादीत नाहीत, त्या फ्री डिशवर येतीलच असं धरू नका.

डिश लावायची तर उपग्रह जीसॅट-15, 93.5 अंश पूर्व. नागपुरातून होकायंत्रावर उत्तरेपासून साधारण 145 अंश, म्हणजे आग्नेयेला, आणि क्षितिजापासून 60 अंश वर. ऑफसेट डिश (सिग्नल पकडणारी डबी, म्हणजे एलएनबी, मधोमध नसून खालच्या बाजूला) असल्याने ती त्यापेक्षा बरीच उभी दिसते, त्याने गोंधळू नका. सेट-टॉप बॉक्सवर स्ट्रेंग्थ बघू नका, क्वालिटी बघा: स्ट्रेंग्थ भलत्या उपग्रहावरही भरपूर येते. नट पूर्ण आवळायच्या आधी डिश बोटभर इकडे-तिकडे करून क्वालिटी सगळ्यात जास्त कुठे येते ते शोधा. जोर लावून आवळताना ती पुन्हा हलते, म्हणून आवळल्यावर परत बघा. पावसाळ्यात वारंवार जात असेल तर आधी एलएनबीजवळचा कनेक्टर उघडा, पाणी जाऊन तांब्याची तार हिरवी पडलेली असते. तेवढा तुकडा कापून नवीन कनेक्टर, वरून रबरी टेप.

आणि हो, फ्री डिशवर मॅच मोबाईलच्या आधी दिसते. मोबाईलवर चित्र सहा-सहा सेकंदांच्या तुकड्यांत येतं आणि तीन तुकडे जमल्याशिवाय प्लेअर सहसा सुरू करत नाही. शेजारी ओरडतो आणि तुमचा गोलंदाज अजून रनअपच्या टोकाला असतो, ते यामुळे.

लाँगऑन

खापरीभाऊंचं साठ सेकंदांचं गणित मान्य. पण त्यातूनच माझी मागणी निघते. नवीन कॅमेरा नकोच. गोलंदाजाच्या पाठीमागचा उंचावरचा कॅमेरा सगळं मैदान धरू शकतो. ओव्हरच्या मध्ये मोठ्या चौकटीत तो चालू ठेवा, जाहिरात बाजूच्या आणि खालच्या पट्टीत टाका. तशा पट्ट्या चेंडू चालू असतानाही लावताच ना!

खापरी शेवटचं स्टेशन

पट्टीतल्या जाहिरातीला आवाज नसतो आणि भाव पूर्ण पडद्याएवढा येत नाही. हक्कांसाठी हजारो कोटी मोजलेली वाहिनी ते एकदिवसीय सामन्याच्या एका डावातल्या 49 मोकळ्या जागांसाठी का करेल? ॲपवर वेगळा ‘मैदान’ कॅमेरा मागा, तिथे जाहिरात बघणाऱ्यागणिक वेगळी घालता येते. टीव्हीवर नाही मिळायचं.

धरमपेठी

ॲपवर मिळालं तरी ते शेजाऱ्याच्या ओरडण्यानंतर!